एकेचाळिसाव्या पुस्तकाचं शेवटचं पान

"सोडला होता तिनं दोर... इथं कापला कुणी?"

कुरकुर अगदी हलक्या आवाजातली होती. पण ती कपाटाच्या पलीकडून, जेमतेम हातभर अंतरावरून आली आणि रुपालीचा खळीत बुडवलेला ब्रश हवेतच राहिला.

परळच्या नवप्रभात वाचनालयात शनिवारी दुपारी चिटपाखरू नसायचं. खाली इस्त्रीवाल्याचं दुकान, त्यामुळे पहिल्या मजल्याची लाकडी जमीन त्या वेळी पायाला कोमट लागायची. बाहेर जूनचा पाऊस, आत खळीचा वास. रुपाली नावाला ग्रंथपाल, पण निम्मा वेळ जायचा फाटक्या पुस्तकांच्या पाठी शिवण्यात. एका वेळी दोन हात आणि दातात दोरा, असं ते काम.

तिनं पुस्तकांच्या फटीतून पलीकडे पाहिलं. उन्हानं रापलेला, उंच, खांद्यावर भिजलेला माणूस. डाव्या हातात 'ध्रुवपार'चं तेविसावं पुस्तक. उजव्या हातात पेन्सिल आणि ती पेन्सिल चक्क चालत होती.

"अहो," रुपाली म्हणाली, "वाचनालयाचं पुस्तक आहे ते."

तो दचकला. फटीतून फक्त तिचे डोळे दिसत असणार.

"हो. म्हणजे... चूक होती."

"चुका काढायला तुम्हाला ठेवलंय का इथं?"

"नाही."

"मग?"

रुपाली कपाटाला वळसा घालून आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि पदराला खळीचे हात पुसून खोडरबर पुढे केलं.

"खोडा. मनापासून खोडा, पण कागदाला कळता कामा नये."

तो टेबलाशी बसला आणि खोडू लागला. असा खोडू लागला की टेबल हललं.

"होडी घासताय का?"

तो मान वर करून हसला. हसला तेव्हा रुपालीला उगाचच वाटलं, की बाहेरचा पाऊस क्षणभर थांबला असावा. थांबला नव्हता. तिनं नंतर बघितलं.

"सवय तीच आहे," तो म्हणाला. "होडीच घासतो आम्ही. वरळी कोळीवाडा. भाऊ दिनेश बोटीचा तांडेल, सुकाणू त्याच्याकडे, मी त्याच्या हाताखाली. आता दोन महिने मासेमारी बंद, म्हणून जमिनीवर."

"आणि जमिनीवर आलात की लोकांची पुस्तकं खराब करता."

"एकच शब्द होता हो."

तिनं पुस्तक घेऊन ते पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. "हे बघा. वरून पेन्सिल गेली, पण दाब राहिला. 'कापला'वर काट मारून तुम्ही 'सोडला' लिहिलंत. खोडलं म्हणून काही जात नाही. लोक इथं बसून काय काय लिहितात आणि लाजून खोडून जातात... मला सगळं वाचता येतं."

एवढं बोलून ती थबकली. कारण त्या माणसाचं बरोबर होतं.

'ध्रुवपार' ही दूरदर्शनवरची मालिका एकोणीस वर्षं चालू होती. तिच्यात शुक्तिका नावाची एक अंतराळनौका, तिची कप्तान विभावरी, तिचा यंत्रज्ञ ईशान. आणि मालिकेवर आधारलेल्या छोट्या कादंबऱ्या, शंभरेक पानांच्या, गिरगावातून निघायच्या. लेखकाचं नाव कायम एकच: म. ना. दिगंत. मोठमोठे वाचक त्यांना नाक मुरडायचे. पण नवप्रभातमध्ये सगळ्यात जास्त वेळा बाहेर जाणारी, सगळ्यात जास्त वेळा फाटणारी, आणि म्हणून रुपालीनं सगळ्यात जास्त वेळा शिवलेली पुस्तकं तीच होती. अकराव्या वर्षी तिच्या बाबांनी, कुशाबांनी, तिला पहिलं आणून दिलं होतं. गिरणी बंद पडून वर्षं लोटली, तरी त्यांनी वाचनालयाची वर्गणी कधी बंद केली नव्हती. आता ती तिशीत होती.

आणि विभावरी दोर कधीच कापायची नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. शुक्तिकेला 'पिल्लू' नावाची छोटी नौका बांधलेली असायची. ती बाहेर जाताना दोर सोडायचा. कापला तर परत बांधायला काय उरणार?

"तुमचं बरोबर आहे," ती जरा नाइलाजानं म्हणाली. "मीही तिथं अडखळले होते."

"तुम्ही वाचता ही?"

"वाचते? शिवते. सगळीच्या सगळी, एकोणचाळीस." तिनं खण उघडून एक जाड वही दाखवली. "यात सगळं आहे. विभावरीच्या कुठल्या अंगठ्यावर व्रण, ईशान चहात साखर घेतो की नाही. पुस्तक शिवताना लिहून ठेवते."

तो वहीकडे बघतच राहिला. मग हळूच, जिन्यावरून पाय घसरू नये अशा बेतानं त्यानं विचारलं, "मग हे म. ना. दिगंत... कसे वाटतात?"

"कुठले?"

"म्हणजे?"

"चार आहेत ते."

त्याच्या हातातली पेन्सिल घरंगळत टेबलाखाली गेली. ती उचलायला त्याला बराच वेळ लागला.

"नाव एकच छापतात," रुपाली सांगू लागली. या विषयावर तिला ऐकणारं कुणी मिळायचं नाही, मिळालं की ती सोडायची नाही. "पण माणसं चार. एक आहे, तो सगळ्यांना सारखं खायला घालतो. उल्का आदळतेय आणि हे थालीपीठ लावतायत. दुसरा शिकवणी घेतो. गुरुत्वाकर्षण म्हणजे काय, हे त्यानं मला सात वेळा सांगितलंय. तिसरा मारामारीवाला. त्याच्या पुस्तकांची पाठ सगळ्यात आधी सुटते."

"आणि चौथा?"

रुपाली खळ ढवळत राहिली.

"चौथा दोरवाला," ती म्हणाली. "एकोणिसाव्या पुस्तकापासून आला तो. पडद्यावरची शुक्तिका पुठ्ठ्याची आहे हो, दार लोटलं की भिंत हलते. पण हा लिहितो तेव्हा तिला वजन येतं. पिल्लू बाहेर गेलंय आणि वेळेत परत आलं नाही, तेव्हा मागं राहिलेली माणसं काय करतात हे बाकीच्या तिघांना ठाऊकच नाही. ते लगेच युद्ध सुरू करतात. याची विभावरी भांडी घासते. घासलेली परत घासते. खिडकीकडे बघत नाही, कारण बघितलं तर उशीर झालाय हे कबूल करावं लागेल." ती थांबली. "असं काही टेबलाशी बसून सुचत नाही. ह्या माणसानं कुणाची तरी वाट पाहिलेली आहे. किंवा त्याची कुणीतरी."

त्याचे कान लाल झाले होते. रापलेल्या माणसाचे कान इतके लाल होऊ शकतात हे तिला माहीत नव्हतं.

"भेटला तो कधी, तर काय सांगाल?"

"सांगेन, की बाबा रे, एकदा तरी त्या दोघांना बोलू दे. एकोणीस वर्षं झाली. सगळ्या नौकेला माहीत आहे, विभावरीला माहीत आहे, ईशानला माहीत आहे. बोलत कुणीच नाही."

"नियम असेल."

"कसला नियम?"

"असतो म्हणे..." तो पेन्सिल शर्टाच्या खिशात ठेवत म्हणाला. "मालिकेवरची पुस्तकं लिहिणाऱ्यांना. मधे वाट्टेल ते घडवा. वादळ आणा, माणूस हरवा. पण शेवटच्या पानावर सगळं होतं तिथं परत ठेवायचं. कारण सोमवारी मालिका तिथूनच सुरू होणार. जे पडद्यावर झालं नाही, ते पुस्तकात होता कामा नये."

"तुम्हाला काय माहीत?"

"ऐकलंय."

जाताना त्यानं सभासद म्हणून नाव नोंदवलं. हरेश्वर. तेविसावं पुस्तक घरी नेलं. आणि ज्या खुर्चीवर बसला होता, ती उचलून बरोबर आधीच्या जागी ठेवली.

*

त्यानंतर तो दर शनिवारी आला.

एकदा येताना आईनं दिलेली सुक्या बोंबलांची पुडी घेऊन आला. आई, तुळसाबाई, दादरच्या मार्केटात मासळी विकायची आणि बंदीच्या दिवसांत सुकी. रुपालीनं ती पुडी पुस्तकांपासून लांब म्हणून खिडकीत ठेवली. पण नवप्रभातला एक वाचक अशी होती, जिच्यापासून काहीच लांब ठेवता यायचं नाही. रमाबाई. पासष्टीच्या, मूळच्या मालवणकडच्या, लालबागला रुपालीच्याच चाळीत खालच्या मजल्यावर. रोज दुपारी येऊन पेपर वाचायच्या, आणि 'ध्रुवपार'चं नवं पुस्तक आलं की पहिला नंबर त्यांचा.

"बोंबलांचो वास येता," रमाबाई पेपरातून म्हणाल्या.

"नवीन खळ आणलीय," रुपाली म्हणाली.

"बरी आसा खळ. रस्सो बरो होतलो."

हरेश्वरला ठसका लागला.

तो फार बोलायचा नाही. पण बोलायचा ते ऐकावंसं वाटायचं. समुद्रावर पहाटे दिशा कशी हरवते, जाळं ओढताना हात सुन्न झाले की भाऊ मुद्दाम भांडण कसं काढतो. रुपाली पुस्तकं शिवायची, तो दोरा मेणावरून ओढून द्यायचा. त्याच्या हातून दोरा कधी गुंतायचा नाही.

"तुमची गाठ कुठली?" त्यानं एकदा विचारलं.

"साधीच. का?"

"सुटेल ती." त्यानं तिच्या हातातून दोरा घेतला. बोटं बोटांना लागली... आणि दोघांनीही पुस्तकाकडे बघितलं, जणू काही झालंच तर ते तिथं झालंय. "हे असं. वरून, खालून, परत वरून. ओढलं की घट्ट. सोडायची म्हटली की एका झटक्यात सुटते."

"मला सुटणारी नको आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. पण गाठ मात्र तीच बांधली.

ऑगस्ट आला. नारळी पौर्णिमेच्या आदल्या शनिवारी तो आला, पुस्तक परत दिलं, थोडा वेळ उभा राहिला. रुपालीला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"उद्या पूजा. मग बोटी निघतील," तो म्हणाला. "आता शनिवारचं काही सांगता येणार नाही."

"जाऊन या," ती म्हणाली. आणखी काय म्हणणार?

त्यानं खुर्ची उचलली, जागेवर ठेवली, आणि गेला.

*

डिसेंबरात चाळिसावं पुस्तक आलं. रमाबाई खोकल्यानं घरी होत्या, म्हणून आधी रुपालीनंच उघडलं. पहिल्या दोन पानांत तिला कळलं, की हा दोरवाला. ती सुखावून, पाय पोटाशी घेऊन वाचू लागली.

साठाव्या पानावर ईशान शुक्तिकेच्या कोठारात जातो. तिथं कोठार सांभाळणारी एक नवीनच बाई आहे. हाताला खळ लागलेली. ईशान नौकेच्या नोंदवहीत गिरगटतो, आणि ती खोडरबर पुढे करून म्हणते: "खोडा. मनापासून खोडा, पण कागदाला कळता कामा नये."

रुपालीनं पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. वाक्य तिथंच होतं.

आधी ती आनंदानं वेडीपिशी झाली. साधारण मिनिटभर. मग तिला आठवलं, त्या माणसासमोर बसून आपण त्याचीच स्तुती केली होती. वाट पाहिलेला माणूस वगैरे. आणि तो ऐकत होता! कान लाल करून, गुपचूप... वर विचारत होता, भेटला तर काय सांगाल. तिचा चेहरा कुणी नसतानासुद्धा असा तापला, की तिनं पुस्तक गालाला लावलं. त्यानं काही उपयोग झाला नाही.

वहीत तिनं नोंद केली: पुस्तक चाळीस, पान साठ. कोठारवाली बाई. नाव दिलेलं नाही. आणि खाली, इतर नोंदींपेक्षा जरा दाबून: लेखक सापडला.

*

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये, बंदी लागल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी, तो जिना चढून आला. अधिक काळा, अधिक बारीक. रुपालीनं सहा महिने तयार करून ठेवलेलं भाषण त्याला बघताच निम्मं विरघळलं. उरलेल्या निम्म्यावर तिनं भागवलं.

"या, दिगंत."

तो पायरीवरच थांबला.

"करार होता," तो म्हणाला. "नाव सांगायचं नाही असा."

"नाव नका सांगू. पण माणसानं ऐकत तरी बसू नये. उठून जायचं, खोकायचं, काहीतरी करायचं."

"मला कुणी तसं कधी सांगितलं नव्हतं हो." तो पायरीकडे बघत म्हणाला. "दहा वर्षं लिहितोय. बंदीचे दोन महिने, एक पुस्तक. घरी म्हणतात, बरं आहे, पावसात बसून काहीतरी करतो. गिरगावला म्हणतात, पानं शंभर भरली का? वाचून कुणी... तुम्ही बोलत होतात, आणि मला उठताच आलं नाही."

आता यावर रागवायचं कसं? रुपालीनं प्रयत्न केला. जमलं नाही.

"आणि त्या कोठारवालीला नाव का नाही?"

"नाव दिलं असतं, तर तुम्ही लगेच ओळखलं असतं."

"मी तसंही ओळखलं."

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच लिहिलं."

खिडकीजवळ रमाबाईंनी पेपराचं पान उलटलं. बराच वेळ उलटलं नव्हतं.

मग त्यानं बातमी सांगितली. 'ध्रुवपार' ऑगस्टअखेर संपणार होती. वीस वर्षांनी. शेवटचं, एकेचाळिसावं पुस्तक त्याच्याकडे आलं होतं, आणि वीस वर्षांचे धागे जुळवायला त्याच्याजवळ गिरगावहून आलेली चार पानी यादी होती, जिच्यात विभावरीचा व्रण उजव्या अंगठ्यावर होता.

"डाव्या," रुपाली म्हणाली.

"म्हणून तुमच्याकडे आलोय."

फक्त म्हणून? हे तिनं विचारलं नाही.

दोन महिने दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले. तो लिहून आणायचा, ती वहीशी ताडून बघायची. ईशान साखर घेत नाही. पिल्लूला दोन दारं नाहीत, एकच. पुस्तक सुंदर होत होतं. इतकं, की काही पानांशी रुपाली वही विसरायची आणि नुसती वाचत राहायची. आणि मान वर केली की तो घाईघाईनं पेन्सिलीला टोक करत असायचा. इतकी टोकदार पेन्सिल सगळ्या परळमध्ये कुणाची नसेल.

जुलैच्या मध्याला रमाबाईंनी जिन्यात रुपालीला गाठलं.

"अँटॉप हिलचो मुलगो आसा. निलेश. सरकारी क्वार्टर, नोकरी पक्की. माणूस सरळ. वाचणा नाय, पण वाचलेला चलता त्येका. तुझ्या बापाशीक मी सांगितलंय. त्यांका नारळी पुनवेपर्यंत काय ता कळवूचा आसा."

निलेश येऊन गेला. खरोखरच सरळ होता. पोहे खाल्ले, वाचनालयाची चौकशी केली, जाताना कुशाबांच्या पाया पडला. नाही म्हणायला एकही कारण त्यानं शिल्लक ठेवलं नाही. कुशाबा म्हणाले, "तुझ्या मनात दुसरं काही असेल तर सांग, बाळ." रुपाली म्हणाली, "काही नाही." कारण मनात होतं, पण ते कुणी बोललेलंच नव्हतं. न बोललेलं बापाला कसं सांगायचं?

शनिवारी तिनं हरेश्वरला सांगितलं. सहज, जणू कपाटाला नवी बिजागरी बसवतायत.

त्याच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

"चांगला आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे."

"समुद्रावर नाही जात."

"नाही. ऑफिसात जातो. साडेसहाला घरी येतो."

"रोज?"

"रोज."

तो बराच वेळ पेन्सिलीचा भुगा एका जागी गोळा करत बसला. "आई अजून दारात उभी असते," तो शेवटी म्हणाला. "बोटीला उशीर झाला की. चाळीस वर्षं झाली तिला, आधी बाबांसाठी, आता आमच्यासाठी. तुम्ही ते भांड्यांचं म्हणालात ना... ते आईचं आहे. कुणाला मुद्दाम बोलवून त्या दारात उभं करणं..."

जाताना खुर्ची जागेवर ठेवली.

*

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एकेचाळिसाव्या पुस्तकाची प्रुफं आली. हरेश्वरनं ती सकाळीच गिरगावहून आणली, घरी तपासली आणि दुपारी परळला आला. संध्याकाळपर्यंत तपासून परत पोचवायची होती. उद्या समुद्राला नारळ, परवा बोट. आणि रमाबाई खिडकीशी बसल्या होत्या, अँटॉप हिलचं उत्तर न्यायला.

"मी तपासलंय सगळं," तो म्हणाला. "तुम्ही फक्त एकदा..."

रुपालीनं वही उघडली आणि वाचायला बसली. अंगठा डावा. साखर नाही. एकच दार. चार वाजले, साडेचार वाजले. तो खुर्ची पुढे ओढून बसला, पुन्हा उठून उभा राहिला. शेवटी ती शेवटच्या पानावर आली.

मालिकेत जसं ठरलं होतं, तसंच होतं. ईशान एकटाच पिल्लूत बसून ध्रुवाच्या पलीकडे निघतो. विभावरी दोर सोडते. कापत नाही. तो म्हणतो, येतो. ती म्हणते, काळजी घे. संपलं. खाली अर्धं पान कोरं.

"वीस वर्षं," रुपाली म्हणाली. "आणि काळजी घे."

"नियम आहे. सांगितलं होतं मी."

"शेवटी सगळं होतं तिथं परत ठेवायचं."

"हो."

"सोमवारी मालिका तिथून सुरू होणार म्हणून."

"हो."

"पण या पुस्तकानंतर सोमवारी मालिकाच नाही, हरेश्वर."

खाली इस्त्रीवाल्यानं पाणी शिंपडलं असावं, जमिनीतून वाफेचा वास वर आला.

"तुम्ही एक वर्ष तेच करताय," ती म्हणाली. आवाज शांत ठेवायला तिला कष्ट पडत होते. "येता. बसता. माझा शनिवार पार इकडचा तिकडे करून टाकता. आणि जाताना सगळं होतं तिथं ठेवून जाता. खुर्चीसुद्धा."

"माझं पुस्तक कधी माझं नव्हतंच," तो म्हणाला. "लोकांची माणसं, लोकांची नौका. जपून वापरायची आणि परत द्यायची. हात तसेच झालेत... माझं म्हणून काही ठेवून घ्यायचं, ते मला येत नाही."

रुपालीनं पानाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसू नये, म्हणून तिनं पान जरा वर धरलं. खिडकीतून पावसाळी उजेड तिरका आला. आणि खालच्या कोऱ्या अर्ध्या पानावर काहीतरी उमटलं.

पेन्सिलीचा दाब.

कुणीतरी तिथं लिहिलं होतं आणि खोडलं होतं. पुन्हा लिहिलं होतं. पुन्हा खोडलं होतं. खोडणाऱ्यानं कागदाला जपलं होतं, पण पेन्सिल काही हळू चालवली नव्हती. एकावर एक, तीनदा, तेच वाक्य.

तिनं वर पाहिलं. हरेश्वरचे कान लाल झाले होते.

"ते... तुमच्या नजरेला पडायला नको होतं," तो म्हणाला.

"मग दुसऱ्या कुणाला तपासायला द्यायचं होतंत."

"दुसऱ्या कुणाला द्यावंसं वाटलं नाही."

खिडकीशी पेपर हलेनासा झाला होता. "माका काय दिसणा नाय," रमाबाई पेपरातून म्हणाल्या, "चष्मो घरी इसारलंय." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

रुपालीनं पान पुन्हा उजेडाला धरलं आणि ते वाक्य नीट, शेवटपर्यंत वाचलं. विभावरीचं होतं. वीस वर्षं न बोललेलं. जाऊ नकोस असं त्यात कुठंच नव्हतं. दारात उभं राहणं काय असतं ते माहीत असलेल्या माणसानं लिहिलेलं ते वाक्य होतं, आणि त्या दारात उभं राहायला विभावरीची ना नव्हती.

मग तिनं ते पान गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवलं. गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवल्या. वरून, खालून, परत वरून दोरा घेतला आणि त्यानं शिकवलेलीच गाठ मारली.

"प्रुफात चूक नाही," ती म्हणाली. "पुस्तक आहे तसं जाऊ दे."

त्यानं मान हलवली. गठ्ठा काखेत घेतला. आणि सवयीनं, अगदी सवयीनंच, खुर्चीच्या पाठीला हात घातला.

रुपालीनं खुर्चीवर हात ठेवला. त्याच्या हातावर, खरं तर. खुर्ची जिथं होती तिथंच, वाटेत, वेडीवाकडी राहिली.

त्या वाक्यातलं एक नाव तिनं बदललं. बाकी शब्द त्याचेच. वर्षभर ज्याला तिनं अहोजाहो केलं, त्याच्याकडे सरळ बघून ती म्हणाली,

"हरेश्वर, तू मला हवा आहेस. जाऊन ये. पण माझ्याकडे ये."